पोटाच्या पथ्यात पाकीट घ्यावं की घरीच करावं?

कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, चणा बंद, दूध बंद. 'लो फॉडमॅप' पथ्य लिहिलेला कागद घेऊन दवाखान्यातून बाहेर पडले, तेव्हा नागपूरच्या ताटात आता उरतं तरी काय, हेच मी मोजत होते. तर्रीपोह्यांतली तर्री गेली, सावजी रस्सा गेला, पाटवडी गेली, गोळाभात गेला. घरी आले तर सासूबाईंचा हुकूम, "आता बाहेरचं एकही पाकीट नको." आणि धरमपेठेतल्या दुकानात गेले तर फळीभर 'ग्लुटेन फ्री', 'मल्टीग्रेन', 'शुगर फ्री'. आयबीएससोबत, म्हणजे पोट वारंवार बिघडवणाऱ्या आतड्याच्या दुखण्यासोबत, चार वर्षं काढल्यावर सांगते, दोन्ही टोकं चुकीची निघाली. पाकीट की घरचं, हे सरसकट ठरत नाही. जिन्नस बदलला की उत्तर बदलतं. आजार बदलला तर ते पूर्ण उलटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गहू नेमका कशासाठी बंद आहे?

सिलिअॅक या आतड्याच्या आजारात शत्रू ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन. तिथे चिमूटभरही चालत नाही आणि पथ्य जन्माचं असतं. आयबीएसच्या पथ्यात अडचण गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरसाखळीची असते. अशा साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून वायू करतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी या साखरांना 'फॉडमॅप' हे एकत्र नाव दिलं आणि त्यावरून हे पथ्य बेतलं. इथे प्रश्न मात्रेचा असतो. कणभर पिठाने काही बिघडत नाही.

आता हाच फरक चक्कीवर नेऊन बघा. गव्हाच्या मागे ज्वारी दळली की दगडात राहिलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतंच. सिलिअॅकच्या माणसासाठी ती ज्वारी बाद. त्याने घरी स्वतंत्र घरघंटी ठेवावी, नाहीतर 'ग्लुटेन फ्री' छापलेलं पाकीट घ्यावं. आपल्याकडे ते शब्द छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्याने हिंगाच्या डबीकडेही बघावं, कारण बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंगही मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो.

आयबीएसवाल्याने मात्र इतवारी बाजारातून ज्वारी आणावी आणि खुशाल गल्लीतल्या चक्कीवर दळावी. पाकिटातला ग्लुटेन फ्री आटा त्याला उलट अडचणीत आणू शकतो, कारण पीठ चिकट व्हावं म्हणून त्यात चण्याचं किंवा सोयाबीनचं पीठ घातलेलं सापडतं. ग्लुटेन नाही हे खरं, पण पोट फुगवणाऱ्या साखरा भरपूर.

एक विनंती कळकळीने करते. सिलिअॅकची रक्ततपासणी झाली नसेल तर गहू बंद करायच्या आधी ती करून घ्या. गहू सोडून काही आठवडे झाले की तपासणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल, तर पथ्याचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

मसाले: खरी लढाई इथे आहे

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हा नियम आपल्या बाजूचा. पण मसाल्यांना एक सवलत आहे. त्यांची वेगवेगळी नावं न लिहिता नुसतं 'मसाले' असं सामूहिक नाव दिलं तरी चालतं. नेमकी तिथेच कांद्याची-लसणाची पूड लपते. मसाला ओट्स, मसाला चिप्स, नूडल्सची पुडी, तयार सूप, भाजीचा तयार मसाला, या सगळ्यांत मी आधी तो शब्द शोधते. नुसतं 'मसाले' लिहिलं असेल तर पाकीट परत फळीवर. साधे ओट्स आणि मसाला ओट्स शेजारी शेजारी ठेवलेले असतात, पण पोटासाठी ते दोन वेगळे पदार्थ आहेत. साधे ओट्स अर्धी वाटी बहुतेकांना चालतात.

धणे, जिरे, हळद यांच्या एकेरी पुड्या पाकिटातल्या घेतल्या तरी हरकत नाही. तिखटात फॉडमॅप फारसं नसतं, तरी भिवापुरी मिरचीचा जाळ अनेकांच्या आतड्याला वेगळ्या वाटेने सोसत नाही, तेव्हा हात आखडता ठेवा. मिश्र मसाला हवाच असेल तर इतवारीत 'जैन' छापलेली पाकिटं मागा. कांदा-लसूण नाही याची एवढी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या पाकिटावर मिळणार नाही. पण जैन म्हणजे पथ्याचं असं समजू नका. बेसन, चणाडाळ आणि काजू त्यांना चालतात, आपल्याला नाही.

घरच्या मसाल्याला मी झुकतं माप देते ते एका कारणासाठी. लसणातल्या फ्रुक्टान साखरा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात लालसर तळून काढून टाकल्या की वास तेलात राहतो आणि त्रास पाकळीबरोबर बाहेर जातो. हे फोडणीतच जमतं. रश्शात उकळलेला लसूण मागून उचलून काही उपयोग नाही, तोवर साखर पाण्यात उतरलेली असते. असं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. रोज लागेल तेवढंच करा. हिंग आहेच. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, पांढरा भाग नाही. वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला की घरातले बाकीचेही तीच भाजी खातात. पथ्य टिकायला हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वेगळं पातेलं ठेवणारी बाई आठवड्यात थकते.

दूध-दही

इथे पाकीट सरस. लॅक्टोज-फ्री दुधात विकर घालून लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, म्हणून ते जरा गोड लागतं. चहाला उत्तम. साधं दूध चहात चमचाभर सोसतं का, तेही बघा, अनेकांना सोसतं. दह्याचं मात्र घरीच बरं पडतं. पुरचुंडी टांगून चक्का केला की पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. पाकिटातल्या घट्ट दह्यात कधीकधी दूध पावडर मिसळून घट्टपणा आणलेला असतो, म्हणजे लॅक्टोज उलट वाढलेलं. तूप निर्धास्त खा.

'हेल्दी' पाकिटं

एका दिवाळीत घरच्यांनी माझ्या काळजीपोटी शुगर फ्री मिठाईचा डबा आणला. साखर नाही म्हणून मी चार तुकडे खाल्ले आणि भाऊबीजेचा सगळा दिवस पोटात कळा येत पडून काढला. नंतर डब्यावर बारीक अक्षरांत सापडलं, माल्टिटॉल. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल ही गोडी देणारी अल्कोहोलं फॉडमॅपच आहेत. यादीत ती ४२०, ४२१ आणि ९६५ या आकड्यांनीही येतात. साखर तोंडाला कमी पण पोटाला जड, असा हा सौदा. साधी साखर थोडी घातलेला घरचा शिरा, तोही रव्याऐवजी तांदळाच्या कण्यांचा, मला कधी बाधला नाही.

'हाय फायबर' बिस्किटांत आणि बारमध्ये अनेकदा इन्युलिन असतं, ते चिकरीच्या मुळातून काढतात. तेही फ्रुक्टानच. हीच चिकरी कॉफीच्या पाकिटात असते आणि तिचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेव्हा कॉफी बिनचिकरीची घ्या. मधाची गोडी घातलेली पाकिटंही टाळा. 'मल्टीग्रेन'बद्दल एवढंच सांगते, यादीत पहिलं नाव बहुतेकदा गव्हाचं निघतं.

जिथे मी पाकीटच घेते

भगर. सुटी, बरेच दिवस पडून राहिलेली भगर बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते. म्हणून पाकीटबंद, तारीख बघून, आणि तयार पीठ न घेता अख्खी आणावी. उपवासाचं फराळाचं सामान या पथ्याला फार धावून येतं. भगर, साबुदाणा, फल्लीदाणे (शेंगदाणे), बटाटा, यांत कांदा-लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. आपल्या आज्यांनी एकादशीला जे चालवलं, त्यावर माझे पहिले दोन आठवडे निघाले. फक्त तळण कमी ठेवा, तेलकटाने आयबीएस वेगळा भडकतो.

टिनबंद डब्यातले शिजवलेले काबुली चणे. यावर घरी कोणाचा विश्वास बसत नाही, पण वायू करणाऱ्या साखरा त्या डब्यातल्या पाण्यात उतरलेल्या असतात. पाणी फेकून, चणे धुऊन पाव वाटी खाल्ले तर घरी शिजवलेल्यापेक्षा सौम्य पडतात. घरी डाळ भिजवल्यावर तेच सूत्र पाळा, भिजवलेलं पाणी ओतून द्या.

प्रवासासाठी मुरमुरे, फल्लीदाणे, नुसत्या मिठाच्या चिप्स. हंगाम असेल तर सोबत संत्री, पण एका वेळी एक, आणि खोक्यातला रस नको.

तयार इडलीच्या पिठाचं सांगते. हिवाळ्यात घ्या. मे महिन्यात ४५ अंशांत दुकानातून घरी येईपर्यंत ते फुगून पिशवी फाटायला येतं.

परत सुरू करताना

कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांचंच असतं. पुढे ओढलं तर आतड्यातले चांगले जिवाणू उपाशी राहतात. त्यानंतर एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा, आणि या टप्प्यावर मी पाकिटाला पूर्ण नकार देते. एका पाकिटात पाच संशयित असतात. पोट दुखलं तर गुन्हेगार कोण, हे कळत नाही. दूध तपासायचं तर नुसतं दूध, तीन दिवस, थोडं थोडं वाढवत. मग दोन-तीन दिवस थांबा. मग गहू, मग लसणाची एक पाकळी, मग कांदा. मला गव्हाची एक पोळी सोसते, दोन नाही. लसूण सोसत नाही. कांदा थोडा सोसतो, तोही तुपात परतलेला. हे मला कुठल्याच पाकिटाने सांगितलं नसतं. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय, आणि पुढच्या आठवड्यात छोल्यांची पाळी आहे.