जुना ऑइल-कूल्ड वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर: घरच्या कार्यशाळेत दुरुस्त करून वापरण्यायोग्य आहे का?

फॅब्रिकेशनच्या दुकानांत खांद्याला अडकवता येणारी हलकी इलेक्ट्रॉनिक (इन्व्हर्टर) वेल्डिंग यंत्रे आल्यापासून चाकांवरचे, वर करंट कमी-जास्त करण्याचे हँडव्हील असलेले, तेलाने भरलेले जुने वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर भंगारात किलोच्या भावाने जाऊ लागले आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगर भागातील एका बंद झालेल्या दुकानातून घेतलेले असेच एक ३०० अँपिअरचे यंत्र मी घरामागच्या शेडमध्ये पूर्ण उघडून दुरुस्त केले आणि आता त्यावर नियमित काम करतो. या यंत्रांची मूळ रचना बहुतेक उत्पादकांकडे सारखीच असल्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या जातीच्या यंत्राचे आहे. माझे मत आधीच सांगतो: वाइंडिंग (आतले तारेचे वेढे) तांब्याचे असेल, इन्सुलेशन शाबूत असेल आणि घरी थ्री-फेज जोडणी असेल, तर असे यंत्र अवश्य घ्यावे. या तिन्हींपैकी एखादी गोष्ट जरी नसेल, तर ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

खरेदीच्या वेळी लोक रंग, चाके आणि टाकीचा पत्रा पाहतात. मी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर) नेण्याचा आग्रह धरीन. ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी (पुरवठ्याकडचे वाइंडिंग) ते टाकी, सेकंडरी (रॉडकडचे वाइंडिंग) ते टाकी आणि प्रायमरी ते सेकंडरी असे तिन्ही मोजमाप घ्यावे. १ मेगओहमपेक्षा कमी आकडा आला, तर यंत्र त्या अवस्थेत वीजपुरवठ्याला जोडता कामा नये. मात्र कमी आकडा म्हणजे वाइंडिंग जळाले, असा अर्थ लगेच काढू नये. वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेल्या यंत्राच्या कागदी आणि सुती इन्सुलेशनमध्ये ओल शिरलेली असते आणि ती काढता येते. जळकट वास, काळी पडून तुटणारी सुती पट्टी आणि एकमेकांना चिकटलेले वेढे दिसले, तर मात्र रिवाइंडिंगशिवाय (वेढे नव्याने गुंडाळल्याशिवाय) मार्ग नाही, आणि त्या खर्चात नवे इन्व्हर्टर येऊ शकते. तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, हे टर्मिनलजवळ इन्सुलेशनचा लहानसा भाग खरवडून पाहता येते. भंगारवाल्याचे लक्षही याच तांब्यावर असते. म्हणूनच चांगली यंत्रेसुद्धा फोडली जातात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेलाची पारख घरी काही प्रमाणात करता येते. टाकीच्या तळातून थोडे तेल एका भांड्यात घेऊन त्यात गरम केलेली लोखंडी सळई बुडवली आणि चर्रर् असा तडतड आवाज आला, तर तेलात पाणी आहे. ही परीक्षा उघड्यावर, अगदी थोड्या तेलावर आणि डोळ्यांना चष्मा लावूनच करावी. तेलाची डायइलेक्ट्रिक ताकद (किती व्होल्टेजपर्यंत तेल वीज अडवते) मोजून घेता आली तर उत्तमच, आय. एस. ३३५ या ट्रान्सफॉर्मर तेलाच्या भारतीय मानकानुसार नव्या, न गाळलेल्या तेलासाठी दोन इलेक्ट्रोडमधल्या २.५ मिलिमीटर अंतरावर ३० किलोव्होल्ट ही किमान अपेक्षा असते. जुने तेल गाळून परत वापरण्यापेक्षा मी नवे ट्रान्सफॉर्मर तेलच भरले, कारण गाळाने जाड झालेले तेल वेढ्यांमधून नीट फिरत नाही आणि उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. फार जुन्या तेलात, आणि त्याहूनही जास्त करून जुन्या कपॅसिटरमध्ये, पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी रसायन असण्याची शक्यता लक्षात घेऊन हातमोजे घालावेत. ते तेल जाळू नये किंवा गटारात सोडू नये. बंद डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे.

दुरुस्तीचा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक संयम मागणारा टप्पा म्हणजे वाइंडिंग सुकवणे. तेल काढून टाकल्यावर कोअर (लोखंडी गाभा) आणि वाइंडिंग चेन-पुलीने उचलून बाहेर घ्यावे, तेल पूर्ण निथळू द्यावे, त्याभोवती पत्र्याचा हवेशीर डबा उभा करून आत १०० वॅटचे तारेचे बल्ब लावावेत, आणि वाइंडिंगजवळचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. बल्ब वाइंडिंगला टेकू देऊ नयेत आणि शेडमध्ये कुणी नसताना ते चालू ठेवू नयेत, कारण कागदात मुरलेले तेल ज्वलनशील असते. या काळात मेगरचे वाचन ठरावीक वेळाने वहीत लिहीत जावे. सुरुवातीला ते खाली येते, आणि इथेच अनेक जण घाबरून काम सोडतात. वास्तविक तापमान वाढले की इन्सुलेशनचा रोध कमी होतोच, शिवाय आतली ओल हलू लागलेली असते. पुढे वाचन चढू लागते आणि अखेरीस एका पातळीवर स्थिर राहते. ते स्थिर झाले म्हणजे ओल गेली. उद्यमनगरातल्या एका अनुभवी वाइंडर मिस्त्रींनी मला ही पद्धत सांगितली, तेव्हा त्यांचा जोर एकाच गोष्टीवर होता: "घड्याळ बघू नका साहेब, मेगर बघा." सुकल्यावर लगेच, हवेतली आर्द्रता पुन्हा शोषली जाण्याआधी, वाइंडिंग तेलात बुडवावे, पावसाळ्यात हे काम काढूच नये.

टर्मिनल बोर्डाकडे, म्हणजे केबल जोडायच्या पट्टीकडे, दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. पितळी स्टड सैल झाले की तिथे उष्णता वाढते आणि खालचा हायलमचा (वीजरोधक राळेच्या शीटचा) पट्टा काळा पडतो. हा काळा भाग कार्बनचा असल्यामुळे वीज वाहून नेतो. तो घासून साफ करणे हा उपाय नाही, पट्टाच बदलला पाहिजे. मी नवा पट्टा कापून घेतला, स्टड चकाकेपर्यंत घासले, स्प्रिंग वॉशर घातले आणि केबलच्या टोकांना नवे लग (धातूची जोडटोके) दाबून बसवले. हँडव्हीलचा स्क्रू रॉकेलने धुऊन ग्रीस लावल्यावर सरकती कोअर पुन्हा एका हाताने फिरू लागली. कोअरचे क्लॅम्प बोल्ट आवळल्यावर पूर्वीची घणघण कमी होऊन ट्रान्सफॉर्मरची नेहमीची गुणगुण राहिली.

टाकीची गळती असेल, तर एक इशारा गांभीर्याने द्यावासा वाटतो. ट्रान्सफॉर्मर तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) १४० अंशांच्या पुढे असला, तरी रिकाम्या टाकीच्या कोपऱ्यांत राहिलेले तेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होऊन पेट घेऊ शकते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुवावी, झाकण उघडे ठेवावे आणि गळक्या सांध्याच्या जरा खालपर्यंत पाणी भरूनच तो सांधा वेल्ड करावा. तेल परत भरताना पातळीच्या खुणेच्या वर जाऊ नये, कारण तापमान ५० अंशांनी वाढले की तेल सुमारे साडेतीन टक्क्यांनी फुगते. ४० लिटरमागे हे जवळजवळ दीड लिटर होते.

पहिल्यांदा वीज देताना मी डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारे उपकरण) वापरला आणि क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवर) नजर ठेवून व्होल्टेज हळूहळू वाढवले. सेकंडरी उघडी असताना कमी व्होल्टेजवरच करंट एकदम उसळला, तर वेढे आपसांत शॉर्ट झाले आहेत असे समजून थांबावे. पूर्ण पुरवठ्यावर सेकंडरीचे उघडे व्होल्टेज (आर्क पेटलेला नसतानाचे) १०० च्या आत असले पाहिजे. घामाने भिजलेल्या हातांना ८० व्होल्टही धोकादायक असतात, त्यामुळे टाकीचे अर्थिंग आणि कोरडे हातमोजे यांत तडजोड नको.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ई ६०१३ जातीचा ३.१५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड ११० अँपिअरवर अतिशय सुखाने चालतो. आर्क चटकन धरतो आणि रॉड चिकटण्याचे प्रमाण कमी आहे. ट्रॉलीची चासी, गेट, नांगराचे फाळ अशा जाड कामात हे यंत्र दिवसभर न कुरकुरता साथ देते. एसी असल्यामुळे कोपऱ्यांत आर्क भरकटण्याचा त्रास डीसीच्या तुलनेत नगण्य आहे. स्टेनलेससाठी ई ३०८एल-१६ हा रॉड एसीवर चालतो. ई ७०१८ या रॉडचा मात्र एसीसाठी बनवलेला प्रकारच निवडावा. पातळ पत्र्यासाठी हे यंत्र उपयोगाचे नाही. त्याचा किमान करंटच इतका आहे की दीड मिलिमीटरच्या आतला पत्रा भोके पाडून मोकळा होतो. त्या कामाला लहान इन्व्हर्टर सरस आहे, यात वाद नाही.

विजेचा हिशेब खरेदीआधी करावा. ८० व्होल्ट उघड्या व्होल्टेजच्या यंत्रावर ११० अँपिअर घेताना इनपुटला सुमारे ८.८ केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत) लागते, म्हणजे थ्री-फेज जोडणीच्या ४१५ व्होल्टवर २१ अँपिअर आणि घरगुती २३० व्होल्टवर ३८ अँपिअर. आर्कमध्ये प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ती मात्र अडीच किलोवॅटच्या आसपासच असते. म्हणजेच पॉवर फॅक्टर (घेतलेल्या भारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) फार वाईट आहे. प्रायमरीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडल्यास पुरवठ्यावरचा हा भार हलका होतो. सामान्य घरगुती सिंगल फेज जोडणीवर हे यंत्र चालवण्याचा विचार सोडून द्यावा. वायर तापतील आणि शेजाऱ्यांचे दिवे मिचमिचतील. महावितरणकडे थ्री-फेजसाठी अर्ज करून मंजूर भार वाढवून घेणे, हाच सरळ मार्ग आहे. पुरवठ्याचे व्होल्टेज पडले की यंत्राचा करंटही त्याच प्रमाणात पडतो. शेतीपंप चालू असलेल्या वेळेत हे विशेष जाणवते आणि हँडव्हील थोडे पुढे घ्यावे लागते.

तेल, हायलम, लग, ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि नवा रॉड-होल्डर धरून माझा खर्च चांगल्या इन्व्हर्टरच्या किमतीच्या खालीच राहिला. यात सर्वांत मोठा वाटा तेलाचा आणि केबलचा होता. यंत्राला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण वजनासाठी आणि विजेच्या मागणीसाठी कमी केला आहे, कारण हे यंत्र कामाच्या जागी नेता येत नाही, काम यंत्रापाशी आणावे लागते. स्वतःची शेड, थ्री-फेज जोडणी आणि जाड लोखंडाचे नियमित काम असलेल्यांना मी ते निःशंकपणे सुचवीन.