लघुप्रबंधासाठी मला विकलेला ‘प्रशिक्षित कोडर’

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि लघुप्रबंधात आशय विश्लेषण, म्हणजे ठरलेल्या नियमांनी बातम्यांची वर्गवारी करून मोजणी करणार असाल, तर ‘प्रशिक्षित कोडर (अशी वर्गवारी करणारा माणूस) पुरवतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळून राहा. माझे पैसे तर बुडालेच. त्याहून वाईट म्हणजे बनावट आकडे माझ्या नावावर विभागात जमा होता होता राहिले.

माझा प्रश्न साधा होता: आरोग्याच्या बातम्यांमध्ये बोलतं कोण? डॉक्टर, सरकारी अधिकारी, औषध कंपनीची माणसं, की स्वतः रुग्ण? दोन दैनिकं, एक वर्ष. सगळे अंक वाचणं शक्य नव्हतं, म्हणून रचित आठवडे घेतले. वर्षभरातल्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात वार जुळवायचे. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे पुरतात, हे रिफ, ऑस्ट आणि लेसी या संशोधकांनी १९९३ साली दाखवलं आहे. प्रत्येक बातमीतला मुख्य स्रोत कोण, तो पुरुष की स्त्री, हे मी शीटमध्ये भरलं.

पण एकट्याचं कोडिंग कोणी मानत नाही. त्यातल्या काही बातम्या दुसऱ्या माणसाने, माझं उत्तर न पाहता, त्याच नियमांनी कोड कराव्या लागतात. वर्गातले सगळे आपापल्या सबमिशनमध्ये बुडालेले. गाईड म्हणाल्या, “बाहेरून कोडर घेतलास तरी चालेल, फक्त संशोधन पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिही.” नेमक्या त्याच दिवसांत एका ‘संशोधन साहाय्य’ सेवेचा मेसेज आला. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली काम मिळाल्यावर.

त्यांची पहिली मागणीच खटकणारी होती: “फॉरमॅट कळावा म्हणून तुमची भरलेली शीट पाठवा.” मी नकार दिला; कोरी शीट, कोडबुक (वर्गवारीचे लेखी नियम) आणि बातम्यांचे स्कॅन तेवढे पाठवले. ही मागणी कोणीही केली तर व्यवहार तिथेच थांबवा. तुमची उत्तरं पाहून भरलेली शीट तुमच्याशी जुळणारच, आणि त्या जुळण्याला काडीचीही किंमत नाही.

शीट लवकर आली, नीटनेटकी. दर शंभर बातम्यांत साठ-पासष्ट ठिकाणी आमचं जुळत होतं. ऐकायला बरं वाटतं. मग ‘कोहेनचा कॅपा’ (Cohen's kappa) काढला; दोन कोडरांची उत्तरं किती जुळतात हे तो सांगतो, पूर्ण जुळली तर १. हा गुणांक १९६० सालचा. निव्वळ योगायोगाने जितकं जुळेल तितकं तो वजा करतो. तो जवळजवळ शून्य आला. कारण शीटमध्येच दिसत होतं. आरोग्याच्या बातमीत बहुतेक वेळा डॉक्टरच बोलतो, त्यामुळे न वाचता सगळीकडे ‘डॉक्टर, पुरुष’ लिहीत गेलं तरी निम्म्याहून अधिक उत्तरं बरोबर येतात. माझ्या स्कॅनमधलं एक पान पूर्ण काळं आलं होतं, एक अक्षरही वाचता येत नव्हतं. त्यांच्या कोडरने त्या पानावरही ‘डॉक्टर, पुरुष’ भरलं होतं.

मी फोन केला. समोरच्याने वाद घातला नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. म्हणाला, “मॅडम, कॅपा किती हवाय? ०.८५ चालेल? रात्रीपर्यंत करून देतो.”

हे वाक्य मी अजून विसरू शकत नाही. बातमीत रुग्णाला बोलायला जागा मिळते का, हे मोजायला मी निघाले होते, आणि या माणसाला बातमी उघडायचीही गरज वाटत नव्हती.

सोबत ‘भेट’ म्हणून संदर्भसूचीही दिली होती. गाल्टुंग आणि रूज यांचा बातमीमूल्यांवरचा १९६५ चा लेख त्यात अचूक होता, पृष्ठं ६४ ते ९१. त्याच्याखालचे बरेच संदर्भ मात्र अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, खंड खरा, आणि त्या पानांवर दुसराच लेख. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकून पाहा, आणि नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका स्वतः उघडा. ओळखीचं एखादं नाव अचूक दिसलं म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका.

पैसे परत मागितल्यावर धमकी आली: “तुमचा प्रबंध आम्हीच लिहिला असं विभागाला कळवू.” इथे बरीच मुलं घाबरून उरलेली रक्कमही भरत असतील. मी त्याच दिवशी सगळे मेसेज, दोन्ही शीट आणि पैसे भरल्याची पावती गाईडना दाखवली. विभागाला आधीच सगळं माहीत असल्यावर धमकीत काही उरलं नाही. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही ती नाहीच.

शेवटी एका वर्गमैत्रिणीने कोडिंग केलं. बदल्यात मी तिच्या मुलाखती ऐकून लिहून काढल्या. पहिल्या फेरीत आमचंही जुळलं नाही, पण प्रत्येक मतभेदाला कारण होतं. सरकारी रुग्णालयाचा अधीक्षक डॉक्टर धरायचा की अधिकारी, यावर आम्ही बराच वेळ भांडलो. मग कोडबुकात नियम लिहिला, की पदाच्या नात्याने बोलत असेल तर अधिकारी, आणि नव्या बातम्या घेऊन फेरी पुन्हा केली.

पैसे देऊनच काम करून घेणार असाल, तर आधी थोड्या बातम्या द्या, कोडरशी स्वतः बोला, आणि कोणत्याही एका उत्तरावर बोट ठेवून विचारा, “हे का भरलंस?” माझी त्या कोडरशी कधीच गाठ घालून दिली गेली नाही, तो होता तरी का, हेही मला कळलेलं नाही.