खांदा दुखत होता, खांदाच बघितला

या दवाखान्याला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे सांगते.

मी 58 वर्षांची, वजन 94 किलो. गेल्या वर्षी उजवा हात वर जाईना. वेणी घालायला सुनेला हाक मारायची वेळ आली. आधीच्या डॉक्टरांनी (नाव घेत नाही, इंदूरचेच आहेत) खुर्चीतून न उठता सांगितलं, "वजन उतरवा, सगळं ठीक होईल." अहो, खांद्यावर काय मी उभी राहते? पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्याआधी कंपाउंडरनं काट्यावरचा आकडा बाहेर ऐकू जाईल असा ओरडला होता, तिथेच मी अर्धी झाले होते. मग सात महिने कुठल्याच डॉक्टरची पायरी चढले नाही.

रामबागेजवळच्या या दवाखान्यात मावसबहिणीनं ओढत आणलं. बसायला बिनहातांच्या रुंद खुर्च्या. वजनकाटा पडद्यामागे, आकडा फक्त कागदावर. नर्सबाईंनी आधी दंडाला टेप लावली: 37 सेंटिमीटर. म्हणाल्या, "काकू, नेहमीचा पट्टा 32 पर्यंतचा. तो आवळून बांधला की बीपी उगीच जास्त दिसतं." मोठ्या पट्ट्यावर वरचं 132 आलं. आधीच्या ठिकाणी 150 सांगून घाबरवलं होतं!

डॉक्टरीणबाईंनी माझा हात स्वतः धरून चारी बाजूंनी फिरवला. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. साखर किंवा थायरॉइड असलेल्यांना हा जास्त होतो, म्हणून रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर 7.4 निघाली; साडेसहापासून मधुमेह धरतात. त्या एका उपदेशापायी सात महिने गेले ते गेलेच.

वजनाचा विषय यांनी काढला नाही असं नाही. पण आधी विचारलं, "त्याबद्दल आज बोललं तर चालेल?" मग झोप, चालू गोळ्या, माहेरची अंगलट, सगळं विचारलं. माझी आई आणि आजी अशाच होत्या, हे आजवर कुठल्या डॉक्टरला सांगायची वेळच आली नव्हती.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करते. वेणी आता माझी मी घालते, वाकडी का होईना.

पाचवा तारा गेला काउंटरवरच्या मुलामुळे. रिपोर्ट देताना म्हणाला, "आंटी, अब पोहे-जलेबी बंद!" मी आत जाऊन सांगितलं. पुढच्या खेपेला "नमस्ते काकू" म्हणून मुकाट्यानं पावती दिली. तारा मात्र इतक्यात परत देत नाही, अजून महिनाभर बघते.