वी रिमोट माउस म्हणून: सात महिन्यांचा अनुभव, आणि पट्टीतले दहा सेंटिमीटर

निन्टेंडोच्या वी या गेम कन्सोलचा रिमोट मी लॅपटॉपला माउस म्हणून वापरते. सहाव्या महिन्यात एका रात्री काम करता करता पॉइंटर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथून हलेना. सेल बदलले, रिमोट बंद करून पुन्हा जोडला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, काही उपयोग झाला नाही. शेवटी रिमोटच्या कॅमेऱ्याकडून येणारे कच्चे आकडे उघडून बघितले. त्याला दिसणाऱ्या पहिल्या प्रकाशबिंदूचे आकडे हाताबरोबर नीट बदलत होते. दुसऱ्या बिंदूपुढे १०२३, १०२३ एवढंच. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिच्यातल्या ड्रायव्हरमध्ये (रिमोटशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) या जोडीचा अर्थ ‘इथे बिंदू दिसत नाही’ असा आहे. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून सेन्सर बारकडे, म्हणजे स्क्रीनजवळ ठेवायच्या, डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असलेल्या पट्टीकडे पाहिलं, तर डाव्या टोकाचे दिवे जांभळट चमकत होते आणि उजवं टोक काळंठिक्कर. हा अनुभव लिहायला बसले ते त्या मेलेल्या टोकामुळे.

खरं तर तिसऱ्या महिन्यातच मी एक मसुदा लिहून ठेवला होता. त्यात शेवटी ‘रिमोटवर गेम खेळा, कामासाठी माउसच बरा’ असं होतं. आता ते मत राहिलं नाही. का राहिलं नाही, हे नीट सांगायचं आहे.

सुरुवात मनगटामुळे झाली. दिवसभर माउस धरून उजवं मनगट संध्याकाळपर्यंत ठणकायला लागायचं. उभा माउस, ट्रॅकबॉल वगैरे बघितलं, पण घरात २००६ सालच्या वी कन्सोलचा रिमोट नुसता पडून असताना नवीन वस्तूवर पैसे घालायला मन तयार होईना. रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे लॅपटॉपला जोडायला वेगळं काही लागत नाही. कन्सोलच्या मूळ सेन्सर बारचा प्लग मात्र निराळा असतो, म्हणून यूएसबीवर चालणारी दुसऱ्या कंपनीची पट्टी घेतली. सगळ्या प्रकरणात विकत घेतलेली वस्तू तेवढी एकच, आणि बिघडली तीही तीच.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ३.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, या रिमोटचा ड्रायव्हर आहे. जोडताना सेलच्या झाकणाखालचं लाल बटण दाबायचं, चार निळे दिवे लुकलुकायला लागतात, आणि लॅपटॉपवर पेअर करायचं. पहिल्यांदा माझी दहा मिनिटं गेली असतील. त्यानंतर फारसा त्रास नाही. ‘ए’ला डावं क्लिक, खालच्या ‘बी’ ट्रिगरला उजवं, चार दिशांच्या बटणाला स्क्रोल, अधिक-उणेला आवाज. बटणं पॉइंटरशी जोडणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी पायथन या भाषेत लिहिली. पहिल्या दिवशी खुर्चीत मागे टेकून, हात मांडीवर ठेवून मेल वाचले, तेव्हा फार बरं वाटलं. आठवड्याभरात मनगटाची तक्रार कमी झाली. हे माझ्यापुरतं सांगतेय, दुसऱ्याच्या मनगटाचं मला माहीत नाही.

मग त्रास सुरू झाला तो क्लिकचा.

या एका गोष्टीवर मी तीन महिने घालवले, म्हणून सविस्तर लिहिते. पॉइंटर बटणावर आणून ठेवायचा, अंगठ्यानं ‘ए’ दाबायचा, आणि दाबता दाबता रिमोटचं तोंड किंचित खाली झुकतं. पॉइंटर बटणाखाली घसरतो आणि क्लिक भलतीकडे होतं. मेनूत ‘सेव्ह’वर जायचं असतं आणि त्याच्या खालचा पर्याय उघडतो. खिडकी बंद करायची फुली तर तीनदा दाबावी लागायची. माउस टेबलावर टेकलेला असतो, त्यावर बोट दाबलं तर तो दाब टेबल घेतं. रिमोट हवेत असतो, तो दाब मनगट घेतं आणि मनगट हलतं. त्यात भर म्हणजे स्थिर धरलेला हातसुद्धा स्थिर नसतो, पॉइंटर सतत बारीक थरथरत राहतो.

मी सगळा दोष हाताला दिला. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, दोन्ही हातांनी धरून बघितलं, क्लिक ‘ए’वरून ‘बी’वर नेलं. ट्रिगर ओढताना रिमोट मुठीत आवळला जातो, त्यामुळे झुकणं कमी होतं, आणि ती अदलाबदल मी कायम ठेवली. स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. पहिली, बटण दाबल्याचं कळताच पॉइंटर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका आधी जिथे होता तिथे परत न्यायचा आणि क्षणभर गोठवून ठेवायचा. दुसरी, ‘वन यूरो फिल्टर’. ही युक्ती २०१२ साली कासिए, रुसेल आणि व्होगेल या संशोधकांनी मांडली. हात हळू हलत असेल तर आकडे जास्त गुळगुळीत करायचे, वेगानं हलत असेल तर कमी, म्हणजे थरथरही जाते आणि पॉइंटर रेंगाळतही नाही. पंधरा-वीस ओळींत बसतो. ज्यांना हवेतला कोणताही पॉइंटर वापरायचा आहे त्यांनी आधी हा फिल्टर घालावा.

एवढं करूनही बारीक बटणं चुकायची. तिसऱ्या महिन्यातला मसुदा त्या दिवसांतला आहे.

आता पट्टीकडे. तिचं नाव सेन्सर बार असलं तरी तिच्यात सेन्सर नसतो, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, बाकी काही नाही. बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. हे मला वाचून माहीत होतं, पण डोक्यात नीट बसलं नव्हतं. २००७ मध्ये जॉनी चुंग ली या संशोधकानं दाखवलेले प्रयोग बघितले तेव्हा बसलं. त्यात रिमोट एका जागी ठेवला होता आणि हलत होता तो इन्फ्रारेड दिवा लावलेला पेन, ज्यानं साध्या पडद्याचा फळा होत होता. म्हणजे कॅमेरा हलला काय किंवा दिवा हलला काय, रिमोट फक्त ‘दिवा माझ्या चौकटीत कुठे आहे’ एवढंच सांगतो. एका वेळी चार बिंदू, सेकंदाला शंभरदा, १०२४ बाय ७६८ च्या चौकटीत. मुळातला कॅमेरा १२८ बाय ९६ चाच आहे. मधली बारीक मापं आतली चिप हिशोबानं काढते. दोन बिंदूंचा मध्य घेतला की पॉइंटरची जागा मिळते, त्यांच्या तिरकेपणावरून रिमोट किती कलला ते कळतं. एक बिंदू गेला की माझ्या स्क्रिप्टला मध्यच सापडत नाही, म्हणून पॉइंटर कोपऱ्यात जाऊन बसला होता.

पट्टीशिवाय चालवता येईल का, हेही त्या रात्री करून पाहिलं. रिमोटमधला त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा धरून कल सांगतो. वर-खाली आणि गोल फिरवणं त्याला समजतं. पण रिमोट डावीकडून उजवीकडे वळवला तर गुरुत्वाकर्षण त्याच्या दृष्टीनं होतं तिथेच राहतं, त्यामुळे आडवी हालचाल त्याला कळूच शकत नाही. २००९ मध्ये आलेल्या मोशनप्लस या रिमोटच्या जोडात जायरोस्कोप, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर आहे, त्याला ती कळते. माझ्याकडे तो जोड आहे. पण जायरोचा पॉइंटर हळूहळू सरकत जातो, दर थोड्या वेळानं मध्यावर आणावा लागतो. कामात ते जमेना.

पट्टी वॉरंटीत होती. विक्रेत्याला फोटो पाठवले, कोणतं टोक मेलंय तेही लिहिलं. उत्तर आलं की कन्सोलऐवजी कॉम्प्युटरला वापरल्यास वॉरंटी लागू नाही. यूएसबी प्लग असलेली वस्तू कॉम्प्युटरला लावायची नाही, हे मला पटलं नाही. तसं लिहिलं, मग तीन आठवडे नुसती वाट. ती उघडली असती तर उरलेला हक्कही गेला असता, म्हणून तात्पुरती पट्टी घरीच करायची ठरवली.

टीव्हीच्या एका मोडक्या रिमोटमधून एक इन्फ्रारेड एलईडी काढला, दुसरा एका खेळण्यातून. दोन्ही एकापुढे एक जोडले, मध्ये १५० ओहमचा रोधक, आणि जुन्या यूएसबी केबलच्या ५ व्होल्टला सोल्डर केलं. अशा एलईडीचा झोत अरुंद असतो, म्हणून त्यांची गोल टोकं बारीक कानशीनं घासून सपाट केली, म्हणजे प्रकाश बाजूलाही पसरतो. जुन्या मोजपट्टीच्या तुकड्यावर दोन्ही चिकटवले. तुकडा लहान होता, त्यामुळे दोन दिव्यांत अंतर पडलं १० सेंटिमीटर. विकतच्या पट्टीत ते २० होतं.

लावली आणि लगेच फरक जाणवला. पॉइंटर शांत. फुली एका क्लिकमध्ये बंद. मला आधी वाटलं फिल्टरच्या आकड्यांत काहीतरी बदललंय. तपासलं, काहीच बदललं नव्हतं. मग कागद-पेन घेऊन हिशोब मांडला.

रिमोटच्या कॅमेऱ्याला आडवं साधारण ३३ अंश दिसतं. मी स्क्रीनपासून ६० सेंटिमीटरवर बसते. तिथे त्या ३३ अंशांत जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंदी मावते. त्यातले २० सेंटिमीटर पट्टीच खात होती, कारण दोन्ही दिवे चौकटीत राहिले तरच मध्य सापडतो. फिरवायला उरले १५. म्हणजे १०२४ पैकी सव्वाचारशे-साडेचारशे एकक, आणि तेवढ्यात १९२० पिक्सेलची स्क्रीन पार करायची. कॅमेऱ्याचं एक एकक हललं की पॉइंटर चारेक पिक्सेल उडायचा. १० सेंटिमीटरच्या पट्टीला फिरवायला २५ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे सातशेच्या वर एकक, आणि उडी येते अडीच पिक्सेलच्या आसपास. हाताची थरथर होती तेवढीच आहे. ती मोठी करून दाखवणं तेवढं कमी झालं.

विकतची पट्टी बैठकीच्या खोलीतल्या अंतरासाठी आहे. दोन मीटरवर तेच ३३ अंश सव्वा मीटरच्या आसपास रुंदी दाखवतात, तिथे २० सेंटिमीटर काहीच नाहीत. ती टेबलावर आणून ठेवली मी, आणि तीन महिने सुधारत बसले हात.

सध्याची स्थिती अशी: वाचन, ब्राउझर, मेल, व्हिडिओ, फायली हलवणं, हे सगळं रिमोटवर. चित्र संपादन, स्प्रेडशीटमधल्या बारीक चौकटी, यांना अजून माउस लागतो. टाइप करताना रिमोट खाली ठेवावाच लागतो, त्यावर उपाय नाही. खिडकीतून ऊन पट्टीच्या मागे आलं की कॅमेरा गोंधळतो, पडदा ओढला की ठीक. चार्ज होणारे सेल वापरले तर लॅपटॉप बॅटरी कमी दाखवतो, कारण ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. त्या आकड्याकडे मी बघणं सोडलं. रात्री पॉवरचं बटण धरून रिमोट बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर सकाळी सेल रिकामे मिळतात.

विक्रेत्याचा शेवटचा नकार गेल्या महिन्यात आला, त्याच दिवशी विकतची पट्टी उघडली. उजव्या टोकाची एक बारीक तार सोल्डरच्या डागापाशी तुटली होती, बाकी सगळं धड होतं. तार सोलून पुन्हा डाग दिला, त्या टोकाचे तिन्ही दिवे लागले. आता ती प्रोजेक्टरच्या पडद्याखाली लावली आहे, तिथे मी अडीच मीटरवर बसते. टेबलावर मोजपट्टीचा तुकडाच आहे.