अहवाल झाकून विकावे की दाखवून? जुन्या इमारतीतील सदनिका विकणाऱ्यासाठी

पस्तीस-चाळीस वर्षे जुन्या सोसायटीतील सदनिका विकायला काढली आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल वाईट आलेला असला, तर मालकापुढे तीन वाटा असतात: अहवाल झाकून विकणे, विचारले तरच सांगणे किंवा आधी दाखवून मग भाव ठरवणे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करावयाचे असते, त्यामुळे ‘मला कल्पनाच नव्हती’ असे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

पहिल्या वाटेने बाजारभाव मिळतो आणि व्यवहार लवकर उरकतो. ही वाट प्रत्यक्षात कशी असते, हे मात्र छताकडे मान वर करूनच पाहावे. प्लास्टर सुटून सळई उघडी पडलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने तो आतून काँक्रीट फोडत राहतो. त्याखाली पीओपीचे छत बसवून चार दिवे लावले की खोली नवी दिसते, आणि जो तडा पाहून पुढच्या माणसाला वेळीच सावध होता आले असते, तो तडाही दिसेनासा होतो. आपला फायदा पाहण्यात गैर काही नाही, भावासाठी घासाघीस करणारे दोघेही तेच करत असतात. परंतु फसलेल्या भावात माणसाचा पैसा जातो, तर येथे ज्या छताखाली झोपायला आपलेच मन धजत नाही, त्याखाली दुसऱ्याचे बिऱ्हाड त्याला न विचारता नेऊन ठेवले जाते.

दुसरी वाट सभ्य माणसांना अधिक मोहात पाडते, कारण तीत खोटे बोलावे लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने मात्र ही पळवाट ठेवलेली नाही. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि तो उघड न करणे कपटाचे मानले जाते. घेणाऱ्याने विचारले की नाही, यावर हे कर्तव्य अवलंबून नाही.

अर्धवट सांगण्याचे एक मोठे उदाहरण न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प सेंटरचे आहे. इमारत उभी राहून लोक कामाला येऊ लागल्यावर, १९७८ मध्ये, तिचे संरचना अभियंता विल्यम लेमेझुरिए यांना हिशेबात आढळले की कोपऱ्यांवर तिरक्या येणाऱ्या वाऱ्यापुढे बोल्टचे सांधे अपुरे पडतील. नावलौकिक पणाला लावून त्यांनी मालकांना हे सांगितले, रात्री-रात्री सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड झाल्या. मात्र आजूबाजूच्या लोकांना खरा प्रकार १९९५ पर्यंत कळला नाही. त्यांच्या धैर्याची स्तुती होते ती रास्तच आहे, पण घबराट टाळण्याच्या सबबीत नाव राखण्याची सोयही आयती होत होती, असे मला वाटते. सदनिका विकणाऱ्याकडे तर ही सबबही नसते, कारण त्याला एका कुटुंबालाच सांगायचे असते.

तिसऱ्या वाटेने भाव पडतो आणि काही गिऱ्हाइके परत जातात. ज्याला हीच सदनिका विकून कर्ज फेडायचे आहे त्याला ही किंमत क्षुल्लक वाटणार नाही, आणि त्याला कोरडा उपदेश करणे सोपे आहे. तरीही दुरुस्तीचा अंदाज आणि सोसायटीने मागितलेली वर्गणी अहवालासोबत समोर ठेवली, तर ‘धोकादायक’ या एका शब्दाऐवजी आकड्यांवर बोलणी होतात, आणि पुनर्विकासाकडे डोळे लावून बसलेले गिऱ्हाईक हे सारे पाहूनही घेते.

ही वाट धरणाऱ्याने अहवालाची प्रत टोकन घेण्याआधी द्यावी, पोचसही घ्यावी आणि करारनाम्यात तिचा उल्लेख करावा. टोकननंतर दाखवलेला अहवाल घेणारा आपले पैसे अडकलेले असताना वाचतो, आणि मग त्याचा होकार मोकळा राहत नाही.