पेट्रोलवरचा प्रेशर वॉशर : अकरा महिने, एक खळं आणि दहा नंबरचा बोल्ट

2025 चे गणपती 27 ऑगस्टला होते. 23 तारखेला सकाळी प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने दगड-फरशी धुणारं मशीन, बाहेर काढलं, टाकी भरली, चोक ओढला आणि दोरी खेचली. पन्नास वेळा तरी खेचली असेल. शेवटी उजवा खांदा धरून ओट्यावर बसलो. समोर खळ्यात, म्हणजे अंगणात, हिरवंगार शेवाळ, पागोळीखाली तर घसरगुंडीच. मुंबईहून पोरंबाळं यायला दोन दिवस राहिलेले. हा अनुभव मी त्या दिवशीच, रागात लिहायला घेतला.

मशीन घेतलं सप्टेंबर 2024 च्या अखेरीस. 7 एचपी, 212 सीसी, पाण्याचा दाब 2700 पीएसआय, मिनिटाला साधारण 10 लिटर पाणी. बाकी आकडे सगळीकडे छापलेले आहेत, ते सांगत बसत नाही. 28,500 पडले. विजेवरचं का नाही? आधी तेच होतं. आमच्याकडे दुपारी व्होल्टेज एवढं पडतं की त्याची मोटर नुसती हुंकारते. गाडी धुवायला ठीक, पण जांभ्या दगडावर तीन पावसाळ्यांचं मुरलेलं काळं त्याच्याने निघत नाही. गडी लावायचे तर दोन माणसं, तीन दिवस, सातशे रोज, शिवाय ब्लिचिंग पावडर, आणि हे वर्षातून दोनदा. हिशोब करूनच घेतलं. सौ. चा हिशोब निराळा : ‘अहो, तेवढ्यात साडेतीन वर्षं गडी आले असते, आणि त्यांची दोरी ओढावी लागत नाही.’

पहिल्याच दिवशी ते सुरू झालं नव्हतं, हेही सांगून टाकतो. खोक्यातून येतं तेव्हा इंजिनात ऑइल नसतं. 600 मिली ओतलं, नीट मोजून. तरी ढिम्म. खळ्याला पाणी वाहून जायला उतार आहे, त्या उतारावर मशीन तिरकं उभं होतं, आणि ऑइल कमी आहे असं समजून त्याचा सेन्सर इंजिन सुरूच होऊ देत नव्हता. एका चाकाखाली फळी सरकवली आणि तिसऱ्या खेचीला सुरू झालं. अर्धा दिवस गेला त्यात. पुस्तिकेत एक ओळ आहे म्हणे. असेल.

दुसरा घोळ पाण्याचा. गच्चीवरच्या टाकीपासून अर्धा इंची पाइप लावला तर फवारा धाप लागल्यासारखा येऊन थांबायचा. टाकी चार मीटर उंचीवर, पाइप तीस मीटर लांब, त्यातून मिनिटाला 10 लिटर कुठून येणार? पंपाला पाणी कमी पडलं की तो हवा ओढतो आणि आतून झिजतो. आता पाऊण इंची पाइप आहे, आणि इंजिन सुरू करण्याआधी ट्रिगर दाबून सगळी हवा जाऊ देतो. फवारा सलग झाला की मगच दोरी.

काम मात्र करतं. पाखाडीचे, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचे, चिरे आमच्या आजोबांच्या वेळचे, मला तरी ते कायम काळेच आठवतात. ऑक्टोबरात मी पहिल्या पायरीवर पांढरा, म्हणजे रुंद फवाऱ्याचा, नोझल धरला आणि खालून तांबडा दगड वर आला, भोकाभोकांचा, ओला, नुकता खाणीतून काढल्यासारखा. शेजारची काकू चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी पंधरा पायऱ्या न थांबता धुतल्या. शिमग्याला पालखी त्याच पाखाडीने आली, तेव्हा तीन घरच्यांनी मशीन मागितलं.

नोझलचं जपून. जांभा मऊ असतो. उत्साहाच्या भरात पिवळा, म्हणजे 15 अंशाचा, वीतभर अंतरावरून जोत्यावर फिरवला आणि दगडात बोटभर रुंदीची पन्हळ पडली. सांध्यातला चुना गेला तो वेगळाच. ती पन्हळ अजून आहे, पाहुण्यांना दाखवली जाते. जांभ्यावर फक्त पांढरा, 40 अंशाचा, आणि तोही दीड फुटावरून. हिरवा पेव्हर ब्लॉकला. लाल मी कपाटात कुलपात ठेवलाय, त्या धारेने लाकूड सोलवटतं. गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, तर मशीन लावूच नका, मधली माती निघून गेली की दगड रचत बसावं लागतं. आणि चपला घालून हे काम करायचं नाही. ही धार कातडीतून आत शिरते, भोक एवढंसं दिसतं आणि आत नासाडी होते. मी गमबूट घालतो.

पाणी खातं, हे खरं. तासाला सहाशे लिटर. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना मी मशीन काढलं तेव्हा घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

आता मूळ तक्रार. सर्व्हिस सेंटर घाट चढून, दीडशे किलोमीटरवर. फोन केला तर पहिला प्रश्न : ‘सर, पेट्रोल टाकीत किती दिवस होतं?’ मी खरं सांगितलं, मेअखेरपासून. ‘मग वॉरंटीत बसत नाही. कार्ब्युरेटर बदलावा लागेल, 2,400, आणि मशीन आणून द्या.’ असलं धूड घेऊन मी गणपतीच्या तोंडावर घाट चढू? आवाज चढला माझा. त्यांचा चढला नाही, याचा जास्त राग आला.

आमच्या बाजारात ग्रास कटर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. तो संध्याकाळी मोटरसायकलवरून आला, कार्ब्युरेटरची वाटी उघडून माझ्या नाकाखाली धरली. तळाला पांढरट-हिरवा चिकट थर, वास आंबलेला. ‘काका, ह्यात पेट्रोल नाय, काढा झालाय.’ आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडे जून ते ऑगस्ट हवेत पाण्याशिवाय दुसरं असतंच काय! पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक नळीचं, भोक बुजतं. त्याने क्लच केबलची एक तार सुटी केली, जेटमधून आरपार ओढली, फुंकर मारून उजेडात बघितलं, परत ओढली. दुसऱ्या खेचीला इंजिन सुरू. तीनशे रुपये घेतले, चहा नको म्हणाला.

इथपर्यंत त्या रात्री लिहिलं होतं आणि खाली ‘घेऊ नका’ असं ठोकून दिलं होतं. गणपती गेले, राग उतरला, म्हणून पुढचं आज लिहितोय.

चूक अर्धी माझी. काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्यायचं असतं, मी स्विच दाबून मोकळा व्हायचो. पण उरलेली अर्धी कंपनीचीच, आणि ती मी सोडणार नाही. इंजिन मरेपर्यंत चालवलं तरी वाटीत थोडं पेट्रोल उरतंच. ते काढायला वाटीच्या बुडाशी दहा नंबरचा बोल्ट असतो. इंजिन म्हणजे होंडाच्या जीएक्स इंजिनाची नक्कल, तिथे बोल्ट जागच्या जागी आहे. पण या लोकांनी चाकांच्या फ्रेमची लोखंडी पट्टी नेमकी त्याच्यासमोरून नेली आहे. पाना लावला की घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा फिरतो आणि पट्टीला टक्कर. काढा, पुन्हा लावा, पुन्हा पाच मिनिटं. बोटं सोलवटतात, गरम सायलेन्सर कोपराला चिकटतो तो वेगळा. अठ्ठावीस हजारांच्या यंत्रात पट्टी दोन इंच खाली घ्यायला किती खर्च आला असता? कंपनीला मी फोटोसकट दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं : ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’

त्या पोराला सांगितलं तर त्याने ग्राइंडर आणून पट्टीला अर्धगोल खाच पाडली, वर रंगाचा हात मारला. शंभर रुपये. आता पाना अर्धा वळसा फिरतो. वॉरंटी संपली असं कोणी म्हणालं तर म्हणो, तशीही कुठे उपयोगी पडली!

ट्रिगर सोडून इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवलं की पंपाखालून गरम पाणी ठिबकतं. मला ती गळती वाटली होती. तो पंप तापू नये म्हणून असलेला व्हॉल्व्ह आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. कोणी हाक मारली तर इंजिन बंद करूनच बोलायला जा.

आणि 3,200 ची गोल तबकडी घ्याच, नळीच्या टोकाला लावायची, आत फवारे गोल फिरतात. नुसत्या नळीने माझं खळं धुवायला सहा तास लागायचे आणि वर झाडूने रेघोट्या ओढल्यासारखे पट्टे राहायचे. तबकडीने सव्वादोन तास, पट्टा एकही नाही. ती आधी घेतली असती तर पेट्रोलही वाचलं असतं. आजवर चाळीसेक तास चालवलंय, पेट्रोल सहा हजारांच्या आत गेलं, त्यातलं दीड हजाराचं शेजाऱ्यांनी भरलं.

पाचपैकी साडेतीन. पट्टीचा एक कापला, अर्धा त्या फोनवरच्या शांत आवाजाचा.

काल काम झाल्यावर वाटीखाली वाडगा धरून बोल्ट सैल केला. टाकीतलं मिळून साडेतीनशे मिली निघालं. स्कूटरमध्ये ओतलं.