ऑइल 5,000 ला बदलायचं की 10,000 ला? सोलापुरातल्या गाड्यांचा हिशेब

कारचं इंजिन ऑइल कधी बदलायचं? सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, 5,000 झाले की काढून टाका. गाडीवाला मधल्यामध्ये अडकतो आणि बहुतेक वेळा जो शेवटी भेटला त्याचं ऐकतो. खरं तर दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण सगळं अवलंबून आहे ते किलोमीटर कसे पडले यावर.

आजच्या बहुतेक पेट्रोल कारच्या पुस्तिकेत 10,000 किमी किंवा 12 महिने, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. पण पुस्तिकेत थोडं पुढे गेलात तर कठीण वापराचाही उल्लेख सापडतो: धुळीचे रस्ते, कडक ऊन, थांबत-थांबत चालणं, जवळजवळच्या फेऱ्या, जास्त ओझं. असा वापर असेल तर मुदत कमी करा, असं कंपनीच सांगते. काही गाड्यांना ती थेट निम्मी असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसतो, शहराबाहेर पडलं की काळ्या मातीचा धुरळा, आणि रोजचा प्रवास घर ते पेठ. सोलापुरातल्या कितीतरी गाड्या या कठीण वापरातच मोडतात आणि मालकाला पत्ता नसतो.

आता गाड्या शेजारी-शेजारी ठेवून बघू.

पहिली गाडी जुळे सोलापुरातली. सकाळी मुलांची शाळा, मग नवी पेठ, संध्याकाळी परत. दिवसाला सात-आठ किलोमीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच-तीन हजार. या गाडीला 5,000 की 10,000 हा वादच लागू नाही, दोन्ही आकडे वर्षात येतच नाहीत. इथे मोजायचे ते महिने. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. आत ओल धरते, थोडं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने झिरपून ऑइलमध्ये मिसळतं, आणि ते उडून जाईल इतकं ऑइल गरम होतच नाही. सिग्नलला किंवा शाळेबाहेर एसी लावून गाडी उभी असते तेव्हा मीटर हलत नाही, इंजिन मात्र फिरत असतं. ही गाडी अधूनमधून तुळजापूर किंवा अक्कलकोटला जात असेल तर फार चांगलं. सलग चाळीसेक किलोमीटर पळाली की ऑइल पुरतं तापतं आणि त्यातली ओल निघून जाते. अशा गाडीला वर्षातून एकदा, न चुकता, पुरे. पण शहराबाहेर कधीच पडत नसेल तर मी सहा महिन्यांनी बदला म्हणेन, मीटरवर दीड हजारच वाढलेले दिसले तरी.

दुसरी गाडी दर आठवड्याला पुण्याला जाऊन येते. जाता-येता 500 किमी, बहुतेक चौपदरी हायवे, इंजिन तापलेलं, वेग एकसारखा. ऑइलला याहून सोपं काम नाही. हिला 5,000 ला ऑइल बदलणं म्हणजे चांगलं ऑइल ओतून देणं. 10,000 बिनधास्त जाऊ द्या. ते या गाडीला साधारण पाच महिन्यांतच येतात. मात्र ऑइल सिंथेटिक (प्रक्रिया करून बनवलेलं, जास्त टिकणारं) आहे म्हणून 15,000 पर्यंत ओढायचा मोह टाळा. कंपनीने तेवढी मुदत दिली नसेल तर इंजिनही धोक्यात आणि वॉरंटीही.

तिसरी गाडी मोहोळ-मंगळवेढ्याकडची, शेतावर जाणारी, बहुधा डिझेल. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून चालते. हिच्या बाबतीत मिस्त्रीचं म्हणणं खरं: 5,000 च्या आसपास बदलाच. एवढंच करून भागत नाही. एअर फिल्टर भरलेला किंवा फाटलेला असेल तर धुळीचे कण सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतात आणि बेअरिंग घासतात, म्हणून तो मधेमधे काढून बघायला हवा. गाडी बीएस-6 (प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) डिझेल असेल तर सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळीचा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचंच ऑइल लागतं, साधं चालत नाही.

खर्चाचं बोलू. छोट्या पेट्रोल कारला तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागतं. सिंथेटिक, फिल्टर आणि मजुरी धरून साधारण दोन-तीन हजार रुपये. म्हणजे वर्षात एकाऐवजी दोनदा बदललं तर तेवढेच जास्त. जिला गरज आहे तिच्यासाठी ही रक्कम मोठी नाही, इंजिन काम निघालं तर आकडा कुठल्या कुठे जातो. जिला गरज नाही तिच्यासाठी मात्र ते पैसे वायाच.

मिनरल की सिंथेटिक यात नव्या गाडीला पर्याय फारसा उरलेलाच नाही. 0डब्ल्यू-20 सारख्या ग्रेडची (ग्रेड म्हणजे ऑइल किती पातळ-जाड ते) पातळ ऑइलं बहुतेक सिंथेटिकच येतात. इथे एक सल्ला हमखास मिळतो: सोलापूरच्या उन्हाला पातळ ऑइल टिकत नाही, 20डब्ल्यू-40 टाका. जुन्या इंजिनाला ते ठीक होतं. आजच्या इंजिनात ऑइलच्या वाटा अरुंद असतात, आणि जाड ऑइल सकाळी स्टार्ट केल्यावर वरच्या भागात उशिरा पोचतं. पुस्तिकेत दोन ग्रेड दिले असतील तर उन्हाळ्यासाठी त्यातला जाड घ्या; तिथे नसलेला ग्रेड घेऊ नका.

फिल्टरबद्दल माझं मत पक्कं आहे. ऑइलबरोबर फिल्टर, दर वेळी. एक आड एक बदलून दीड-दोनशे रुपये वाचतात, पण फिल्टर चोंदला की त्यातली बायपासची झडप उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनात फिरायला लागतं. बदलताना शेजारी उभे राहा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर ऑइल गळून गाडी रस्त्यात कोरडी पडते. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावून फिल्टर हातानेच आवळतो, तो मिस्त्री चांगला.

दुचाकीचा हिशेब वेगळा. तिथे ऑइल लिटरभर किंवा त्याहून कमी, आणि बहुतेक छोटी इंजिनं नुसत्या हवेवर थंड होतात. सोलापूरच्या उन्हात 3,000 किमीला बदललेलं बरं. हजार किमीला गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायचं, कारण थोडंसं कमी झालं तरी या इंजिनांना ते खूप असतं. मोटारसायकलमध्ये क्लच आणि गिअरही त्याच ऑइलात असतात, म्हणून डब्यावर जासो एमए (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) बघा. कारचं उरलेलं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. गिअर नसलेल्या स्कूटरला जासो एमबी. बऱ्याच स्कूटरना बदलायचा फिल्टर नसतो, जाळी असते, ती धुऊन घ्या.

ऑइल काळं पडलं म्हणून संपलं, असं मात्र धरू नका. डिझेलचं तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बघायचं ते वेगळं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, गेज पुसून पुन्हा घालून काढलेलं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का? पेट्रोलचा उग्र वास येतोय का? पातळी वाढलेली दिसली तर इंधन मिसळत असू शकतं, दुधाळ रंग दिसला तर बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी). दोन्ही वेळा तारखेची वाट न बघता गाडी दाखवा.

बदलल्यावर बिलावर ग्रेड, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या, सीलबंद डबा समोर फोडायला सांगा. आणि जळकं ऑइल गॅरेजमध्येच जमा होतंय ना, ते बघा. मागच्या नाल्यात नको.